भाराखालची अलिप्तता

गीतेच्या पाचव्या अध्यायातलं कमळाचं पान आमच्या गुरुवारच्या बैठकीत वरचेवर येतं. साताऱ्यात शाहूपुरीतल्या एका घरी आम्ही काही जण जमतो, दासबोधाचा एक समास वाचतो आणि मग ज्याला जे सुचेल ते बोलतो. विषय फिरून फिरून एकाच जागी येतो: संसारात राहून अलिप्त कसं राहायचं? मग कुणीतरी त्या पानाचं नाव घेतं. पान पाण्यात असतं, पण पाणी त्याला लागत नाही. सगळ्यांचं समाधान होतं. माझं होत नाही. पानावर पडतो तो थेंब, आणि थेंबाला वजन ते किती? माणसाच्या वाट्याला येतं ते तसं हलकं येत नाही. अंथरुणाला खिळलेले वडील येतात, पोरीच्या लग्नाचं कर्ज येतं, हाताखालच्या माणसाचा अपघात येतो. हे सगळं दाबत येतं आणि घासत जातं. त्या दाबाखाली न चिकटता राहता येतं का, आणि येत असेल तर कशाच्या बळावर, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पोथीच्या आधी कामावर भेटला. माझं गाव पलूस तालुक्यातलं. वडील किर्लोस्करवाडीला फाउंड्रीत मोल्डर होते. मी साताऱ्याच्या आयटीआयमध्ये टूल अँड डाय मेकरचा ट्रेड केला आणि इथल्याच एमआयडीसीत रमलो. पत्र्याला आकार देणाऱ्या डाय बनवणं, त्या बिघडल्या की दुरुस्त करणं, यात माझं आयुष्य गेलं. पत्रा आणि डाय यांचं नातं मी जितकं जवळून पाहिलं तितकं फार थोड्या गोष्टींचं पाहिलं असेल.

दुधाच्या कॅनचं स्टेनलेसचं झाकण घ्या. ०.८ मिलिमीटर जाडीचा, ३०४ ग्रेडचा गोल ब्लँक डायवर ठेवायचा. वरून ब्लँक होल्डर त्याची कड दाबून धरतो आणि पंच मधोमध खाली उतरतो. पत्रा चारी बाजूंनी आत ओढला जातो, डायच्या तोंडाच्या गोलाईवरून वळतो आणि खोलगट होऊन खाली जातो. त्या गोलाईवर एका चौरस सेंटिमीटरला टनभर, कधी त्याहूनही जास्त भार असतो, आणि तो भार असतानाच पत्रा तिथून घासत सरकत असतो. पहिली काही झाकणं आरशासारखी निघतात. मग एका झाकणाच्या भिंतीवर बारीक उभी रेघ दिसते. पुढच्यावर ती जरा ठळक होते. ऑपरेटर हाक मारतो, ‘लाइन यायला लागली.’ प्रेस थांबवायची, डायच्या तोंडातून बोट फिरवायचं. एका जागी नख अडतं. तिथं पत्र्याचाच एक कण डायला चिकटून बसलेला असतो. दाबानं तो आणखी कडक झालेला असतो, येणाऱ्या प्रत्येक पत्र्याला तो ओरबाडतो आणि त्या ओरबाडण्यातून स्वतः वाढत जातो. आम्ही त्याला पिकअप म्हणतो. मग ऑइल स्टोन घ्यायचा, कण घासून काढायचा, एमरी मारायची, डायमंड पेस्टनं चकाकी आणायची. प्रेस पुन्हा सुरू, आणि थोड्या वेळानं नख पुन्हा तिथंच अडतं.

हे का होतं ते समजून घ्यायला मला बराच काळ लागला, आणि समजलं तेव्हा मी थोडा हादरलो. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडची अतिशय पातळ कातडी असते. तिच्यामुळे ते गंजत नाही. पत्रा ताणला, वळवला की ती कातडी फाटते आणि आतला उघडा धातू बाहेर येतो. उघड्या पृष्ठावरच्या अणूंना एका बाजूला शेजारी नसतात, त्यांचे बंध मोकळे राहिलेले असतात. डायच्या पोलादाचाही असाच एखादा उघडा ठिपका समोर आला आणि वरून टनभर दाब असला, की ते मोकळे बंध एकमेकांना धरतात. उष्णता नाही, वेल्डिंगचा रॉड नाही, तरी जोड बसतो. याला कोल्ड वेल्डिंग म्हणतात. धातूच्या लेखी आपलं-परकं काही नसतं. ज्याचे बंध मोकळे आहेत तो समोर येईल त्याला धरतो.

आणि यात कडकपणा कामाला येत नाही. डाय डी-टू पोलादाची, हार्डनिंग करून ५८ ते ६० रॉकवेलची. पत्रा तिच्यापुढे कितीतरी मऊ. तरी चिकटायचं ते चिकटतंच. कठोर माणूस म्हणजे अलिप्त माणूस असं आपण फार सहज धरून चालतो. मला आमच्या भागातली दोन-चार घरं डोळ्यांपुढे येतात, जिथं बांधावरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलला नाही. ‘आपल्याला काय त्याचं’ असं म्हणणारा तो माणूस रात्री झोपेतसुद्धा त्या बांधावर उभा असतो. कडकपणा भरपूर आहे आणि अंगावर पिकअपचे कण बसलेत.

जुना उपाय म्हणजे दोघांना एकमेकांना लागूच द्यायचं नाही. मध्ये काहीतरी ठेवायचं. साबणाचं पाणी, जाड ड्रॉइंग ऑइल, ग्राफाइट, स्टेनलेसवर चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म. आमच्या मुलखात पत्र्याचं काम जुनं आहे. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंचा कारखाना १९१६ साली उभा राहिला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. कंदील म्हणजे काच आणि दाबून आकार दिलेला पत्रा. साताऱ्यात १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स आली. तिची प्रिया स्कूटर म्हणजे पोलादी पत्र्याचं घडवलेलं अंग. त्या पिढीच्या कारागिरांना तेलाची पारख होती, कुठल्या कामाला किती जाड तेल हे त्यांना हाताला समजायचं. पण तेल दाबाखाली पिळून बाहेर जातं. नेमकं जिथं ते सगळ्यात जास्त हवं असतं त्या गोलाईवरूनच जातं. शिवाय जिद्दी कामाला लागणाऱ्या काही तेलांत क्लोरीनयुक्त पॅराफिन असतं. ते माल धुताना पाण्यात जातं आणि पाण्याचं वाटोळं करतं. म्हणून तेलाशिवाय, कोरड्यानं पत्रा घडवता येईल का, यावर जर्मनी आणि जपानमध्ये पुष्कळ काम झालं आहे.

संसारापासून दूर राहणं हा वैराग्याचा मार्ग मला या तेलासारखा वाटतो. मध्ये अंतर आहे तोवर ठीक. दाब आला की अंतर पिळून निघतं. एकांतात शांत असलेला माणूस मुलाच्या आजारपणात सैरभैर होतो, तेव्हा त्याचं वैराग्य खोटं होतं असं मी म्हणणार नाही. ते तेल होतं. तेलाला तेवढंच जमतं.

आता डायवर चढवतात त्या काळ्या थराकडे येतो. मला जे सांगायचं आहे ते तिथं आहे.

हिऱ्यासारखा कार्बन असं त्याचं नाव आहे, आम्ही डीएलसी म्हणतो. १९५३ साली श्मेलेनमायर या जर्मन संशोधकाला अ‍ॅसिटिलीन वायूतून असा कठीण काळा थर मिळाला होता. १९७१ साली अमेरिकेत आयझेनबर्ग आणि शॅबो यांनी कार्बनच्या आयनांचा झोत वापरून तो बसवला आणि हिऱ्याशी त्याचं साम्य दाखवलं. आज डाय कोटिंगला देतात तेव्हा ती निर्वात चेंबरमध्ये ठेवतात. आधी आर्गॉनच्या आयनांचा मारा करून पृष्ठ अणूंच्या पातळीवर स्वच्छ करतात. मग क्रोमियमचा किंवा क्रोमियम नायट्राइडचा पातळ पाया घालतात, म्हणजे वरच्या थराला पकड मिळते. मग अ‍ॅसिटिलीनसारखा वायू सोडून प्लाझ्मात तो फोडतात. त्यातला कार्बन आणि थोडा हायड्रोजन डायवर बसत जातो. हे साधारण २०० अंशांच्या आसपास होतं, त्यामुळे पोलादाचं पाणी उतरत नाही. डाय परत येते ती काळी, चकचकीत. थराची जाडी दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज करा.

थरातला कार्बन धड हिरा नाही, धड ग्राफाइट नाही. काही अणूंनी हिऱ्यासारखे चारी दिशांना हात पसरून एकमेकांना घट्ट धरलेलं असतं, काहींनी ग्राफाइटसारखे तीनच बंध केलेले असतात. पहिल्यांमुळे थर सहज झिजत नाही, दुसऱ्यांमुळे सरकतो. नुसत्या पहिल्यांचा थर आतल्या ताणानंच फुटायला बघतो, नुसत्या दुसऱ्यांचा लगेच घासून जातो.

आणि तो चिकटत का नाही? याचं उत्तर मला कळलं त्या रात्री मी दासबोध बाजूला ठेवून गीतेचा दुसरा अध्याय काढला होता. थराच्या पृष्ठावरच्या कार्बनचे जे बंध मोकळे राहिले असते, त्यांना हायड्रोजनचा एकेक अणू येऊन मिळालेला असतो. बंध पुरे झालेले असतात. पत्रा समोरून येतो, टनभर दाबानं येतो, उघड्या बंधांनिशी येतो. पण इथं त्याला धरायला कुणी मोकळं नसतं. पत्रा आणि थर एकमेकांना पुरते लागतात, एकमेकांचा भार घेतात, आणि पत्रा सरकून पुढं जातो. मध्ये अंतर ठेवलेलं नाही, पृष्ठाला बधिर केलेलं नाही. त्याला फक्त काही हवंसं उरलेलं नाही.

दुसऱ्या अध्यायात उपवास करणाऱ्याविषयी सांगितलं आहे की विषय त्याच्यापासून दूर होतात, पण आतली गोडी शिल्लक राहते. ती गोडी जाते ती त्याहून मोठं काही भेटल्यावरच. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मी नेहमी संयमाची शिकवण म्हणून घ्यायचो. आता मला ती पृष्ठाची गोष्ट वाटते. खाणं समोरून हलवलं म्हणून मोकळा बंध मिटत नाही, तो मोकळाच राहतो आणि पुढच्या स्पर्शाची वाट पाहतो. दडपण्यानं काम होत नाही. अलिप्तता तृप्तीतून येते, आणि तृप्तीचा दुसरा मार्ग नाही, असं माझं म्हणणं आहे. बैठकीतले आमचे गुरुजी, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, याला राजी नाहीत. त्यांच्या मते क्रम उलटा आहे: आधी वैराग्य, मग तृप्ती. या मुद्द्यावर आमचं अजून जमलेलं नाही.

मी त्यांना आमच्या आक्कांचं सांगितलं. आक्का म्हणजे वडिलांची थोरली बहीण. सांगलीवाडीला नदीच्या अलीकडे-पलीकडे तिचं सगळं आयुष्य गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. तिला आधीच हलवलं होतं. पाणी उतरल्यावर आम्ही खोरी आणि बादल्या घेऊन गेलो. दार ढकललं तर आत गुडघ्याएवढा गाळ, गव्हाची कोठी उलटलेली, गोधड्या कुजून जड झालेल्या, ज्ञानेश्वरीची प्रत फुगून दुप्पट. मामांचा फोटो काचेच्या आत पुसून गेलेला. ही बाई वस्तूंच्या बाबतीत बेफिकीर अजिबात नव्हती. दिवाळीच्या आधी तिची पितळेची भांडी चिंचेनं घासून झाल्याशिवाय घरात कुणी फराळाला हात लावायचा नाही. गोधडीचा एकेक तुकडा कुणाच्या लुगड्याचा ते तिला पाठ होतं. मला वाटलं होतं ती खचेल. ती आधी म्हशीसाठी रडली, मोठ्यानं, पोटभर. म्हैस सापडली नव्हती. मग पदर खोचून उठली, गाळातून एक घागर ओढून काढली, नळाखाली धरली आणि म्हणाली, ‘लई वापरलं बाबा. लई दिलं त्यानी. माझं काय राहिलं न्हाई त्यात.’ धुतलेल्या भांड्यांतली निम्मी तिनं शेजारच्या घरात दिली, तिथं नवी सून आली होती.

आक्कांनी गीता वाचलेली नव्हती. वस्तूंवर तिचं प्रेम होतं, आणि त्या प्रेमाचं तिनं काही राखून ठेवलेलं नव्हतं. जे होतं ते पुरतं वापरलं, पुरतं भोगलं, पुरतं सांभाळलं, त्यामुळे सुटताना ओरबाडायला काही उरलं नाही. गुरुजी यावर बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, हेच तर वैराग्य. मी म्हटलं, पण ते तिच्याकडे वैराग्याच्या वाटेनं आलेलं नाही.

यापुढचा भाग मात्र गुरुजींच्या बाजूनं जातो.

एका गिऱ्हाइकानं बाहेरून करून घेतलेली डाय माझ्याकडे आणली होती. कोटिंग उत्तम, तरी काहीशे झाकणांतच डायच्या गोलाईवर बारीक भेगांचं जाळं उठलेलं. भिंगाखाली पाहिलं तर थर जागोजाग फुटून उडालेला. दोष थराचा नव्हता. खालचं पोलाद एन-एट होतं आणि हार्डनिंग केलेलंच नव्हतं. भार आला तसा पाया काही मायक्रॉन दबला. वरचा थर कठीण, त्याला दबता येत नाही, तो तडकला. हाच थर डी-टूवर असता तर कितीतरी काम निघालं असतं. भार शेवटी थर पेलत नाही, खालचं पोलाद पेलतं. थरानं फक्त चिकटू द्यायचं नसतं.

समर्थांनी दासबोधाच्या बाराव्या दशकाच्या सुरुवातीला परमार्थाच्या आधी प्रपंच नीट करायला सांगितलं आहे. ब्रह्मचारी माणसानं, अंगावर कफनी घेऊन देश पाहिलेल्या माणसानं हे सांगावं, याचं लोकांना नवल वाटतं, आणि मग ते त्याला व्यवहारी सल्ला म्हणून मोकळे होतात. मला त्यात पोलादाचा विचार दिसतो. ज्याला घर चालवताना आलेला दाब सोसता आला नाही, ज्यानं दिलेला शब्द पाळला नाही, देणं फेडलं नाही, त्याच्या मऊ अंगावर वैराग्य चढवलं तर ते पहिल्या मोठ्या भाराला जाळीदार तडकेल. कोटिंगच्या आधी डाय आरशासारखी घासावी लागते तेही याच कारणानं. दोन मायक्रॉनचा थर खालची एकही रेघ झाकत नाही. घासताना राहिलेला ओरखडा काळ्या रंगात आणखी स्पष्ट दिसतो.

आणि थर जाड करूनही भागत नाही. नवीन माणसाला वाटतं, दोन मायक्रॉननं इतकं काम होतं तर वीस घालूया. या थरात तो बसतानाच दाबाचा मोठा ताण अडकून पडलेला असतो. जाडी वाढत जाईल तसा तो साठतो, आणि एका मर्यादेनंतर थर आपला आपण उचलून निघतो, कधी कधी रॅकवर ठेवल्या ठेवल्या, कुणी हातही न लावता. आमच्याकडच्या मारुतीच्या शेंदराचं असंच होतं. मसूर, उंब्रज, शहापूर, वाळव्याकडे बहे, ही समर्थांच्या मारुतींची गावं. गावोगावच्या मारुतींवर पिढ्यानपिढ्या शेंदूर चढत राहतो, खोळ जाड होते, आणि एक दिवस ती अख्खी निखळून पडते. फरक एवढाच की तिथं आत मूळ मूर्ती सापडते आणि सगळा गाव दर्शनाला लोटतो, इथं उघडं पोलाद सापडतं आणि पुढचाच पत्रा त्याला चिकटतो. व्रतावर व्रत, नियमावर नियम चढवत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरात सगळे दबकून वावरतात. एखादी क्षुल्लक गोष्ट होते, भाजीत मीठ जास्त पडतं, आणि एवढं मोठं कवच एका क्षणात खाली येतं. त्यांची निष्ठा खरी असते, म्हणून ते पाहवत नाही.

थराची आणखी एक गोष्ट आहे, ती मला सगळ्यात प्रिय आहे. घासणाऱ्या दोन पृष्ठांचे प्रयोग करून पाहिले तर असं दिसतं की सुरुवातीला घर्षण जरा जास्त असतं, मग उतरतं. मधल्या काळात कार्बनच्या थरानं आपला अगदी थोडा अंश समोरच्या पृष्ठाला दिलेला असतो. तो तिथं ग्राफाइटसारखा होऊन पसरतो आणि त्यानंतर कार्बनवर कार्बन सरकतो. म्हणजे न चिकटण्याची किंमत थर स्वतः मोजतो, झिजून. आमच्या कामात समोरचा पत्रा प्रत्येक झाकणाला नवा असतो, त्यामुळे तिथं हे देणं पुन्हा पुन्हा नव्यानं. एवढं तेवढं देत देत एक दिवस थर संपतो. अलिप्त माणूस म्हणजे ज्याच्याकडून कुणाला काही मिळत नाही, अशी एक समजूत आहे. संन्यासी म्हटलं की लोकांना ओसाड काहीतरी दिसतं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेचे नारायणशास्त्री मराठे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले. त्यांनी मीमांसाकोशाचे खंड सिद्ध केले. ज्या कामानं चार पंडितांची पाठ मोडली असती ते काम त्यांनी अंगावर घेतलं आणि विद्यार्थी घडवले ते वेगळेच. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात संन्यासापेक्षा कर्मयोगाच्या बाजूनं निकाल दिला. तो निकाल मला मान्य आहे, पण केवलानंदांसारख्या माणसापुढे दोन पक्षांची ही विभागणीच पुरी पडत नाही. त्यांनी जे सोडलं ते काम नव्हतं.

डायला वेदना होत नाही, हे मी विसरत नाही. झिजताना थराला काही वाटत नाही, माणसाला वाटतं. आणि थर दुसरं कुणी बाहेरून बसवून देतं. माणसाला निर्वात चेंबरमध्ये ठेवून वैराग्याचा वायू सोडता येत नाही. झिजल्यावर जुना थर पूर्ण काढून डाय पुन्हा पाठवावी लागते. या बाबतीत कमळाचं पान खरोखर वरचढ आहे, आणि बैठकीत मी ते कबूल करतो. बॉनच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये दाखवलं की पानावर सूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर मेणाचे बारीक कण असतात. थेंब फक्त त्यांच्या टोकांवर टेकतो आणि धूळ घेऊन गडगडत जातो. मेण खरवडलं तर पान भिजतं. पण पान जिवंत आहे तोवर मेण आतून परत येतं. माण तालुक्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज, १८४५ ते १९१३ हा त्यांचा काळ, प्रापंचिकांना एकच गोष्ट सांगत राहिले, नाम घ्या. रोज, काम करता करता. झिजणारं रोज भरून येण्याची त्यांनी लावून दिलेली ती सोय होती, असं मला वाटतं.

शेवटी हायड्रोजनचा मुद्दा राहिला. असे थर दोन जातींचे असतात. एकात हायड्रोजन आत मुरलेला असतो, तो अगदी कोरड्या हवेतही सरकतो. दुसऱ्यात हायड्रोजन जवळजवळ नसतो. तो जास्त कठीण असतो, पण त्याचे मोकळे बंध पुरे करायला बाहेरून काहीतरी लागतं. हवेतला ओलावा ते करतो. दमट हवेत तो छान चालतो, निर्वातात नेला तर पकडायला लागतो. ग्राफाइटचंही असंच आहे. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर जाणाऱ्या विमानांत जनरेटरचे कार्बन ब्रश भराभर झिजून जाऊ लागले. खाली जमिनीवर ते व्यवस्थित चालत. कारण शोधलं तेव्हा निघालं की वर हवेत ओलावाच नाही. ज्या गुळगुळीतपणाला आपण ग्राफाइटचा अंगचा गुण समजत होतो, त्यातला मोठा वाटा आजूबाजूच्या हवेचा होता.

गुरुजी म्हणाले, ही कृपा. मला तो शब्द एवढ्या लवकर घ्यायचा नाही. पण पहिल्या जातीची माणसं थोडी असतात, आक्का त्यातली होती, आणि मी दुसऱ्या जातीचा आहे हे मला माहीत आहे. माझ्यासारख्याची अलिप्तता माझ्या एकट्याच्या अंगात नाही. ती ज्या माणसांत मी वावरतो त्यांच्याकडून मला मिळते. समर्थांना एकांत फार आवडायचा, तरी त्यांनी चाफळापासून गावोगाव मठ बांधले आणि महंत नेमून माणसं एकत्र ठेवली. त्यामागे राजकारण होतं, संघटन होतं, हे सगळं खरंच. मला त्यात ही हवाही दिसते.

पलूसच्या आमच्या जमिनीची मोजणी पुढच्या महिन्यात आहे. धाकट्या भावाचं आणि माझं विहिरीच्या बाजूच्या तुकड्यावरून वाजलेलं आहे आणि दोघांकडचे लोक सांगतात, बोलू नका, कागदावर काय ते होऊ द्या, तुम्ही साताऱ्यातच थांबा, वकील जाईल. मी आदल्या दिवशीच जाणार आहे आणि धाकट्याच्याच घरी उतरणार आहे. वहिनींना तसा फोन केला आहे, रात्री जेवायला असेन म्हणून.